मिठाचं माप

पूर्णेच्या या अंगाला
विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.
चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच,
आणि मी हसत सुटले, अमरावतीच्या ओपीडीत, मोठ्यानं.
माझं हसू ऐकून तेव्हा माणसं सरकून बसायची.
आमच्या गावाला मीठ कमी पडलं का बाई,
की तुम्ही आणखी चिठ्ठीवर लिहून देता?

त्याआधीचा पोळा.
सहा रात्री मशीन थांबली नाही.
एक्केचाळीस ब्लाऊज.
टेप लावायची गरजच वाटली नाही,
गावातली प्रत्येक बाई मला डोळे मिटूनही दिसत होती,
अगदी काखेतल्या घडीपर्यंत.
सातव्या दिवशी बाया घ्यायला आल्या.
सरपंचीणबाईचं, नववीतल्या पोरीचं,
ओल्या बाळंतिणीचं,
सगळी एकाच मापाची.
माझ्या.

मग नुसतं पडून राहणं.
पायडलवर कोळ्यानं जाळं विणलं,
माझ्या टिपेपेक्षा सरळ.
भावानं एका भगताकडे नेलं, मग दुसऱ्याकडे.
लिंबं कापली गेली. लिंबांचं काही चुकलं नव्हतं.
शेवटी आशा कार्यकर्ती सुलोचना दारात उभी राहिली,
म्हणाली, साडी बदल, आठची गाडी आहे.

आता रात्री भाकरीनंतर दोन गोळ्या.
उपाशीपोटी नाही. म्हणून एकादशी सोडली,
देव समजून घेईल, नाहीतर सुलोचना त्याला समजावेल.
नळाच्या पाण्याची कळशी उशाशी.
दर तीन महिन्यांनी रक्त,
मग कागदावर आकडा: शून्य पूर्णांक सात.
एवढी वर्षं दुसऱ्यांच्या छात्या, कमरा, दंड मोजले,
माझंही काही माप असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिना वाईट.
अंगातलं पाणी उडतं, आकडा चढतो, बोटं थरथरतात,
सुईचं नाक सापडत नाही.
शेजारच्या कौतिकाबाईची नात अक्षरा
शाळेत जाता जाता दहा सुयांत दोरा ओवून जाते,
गादीवर टोचून ठेवते, दहाही.
विचारत काही नाही.
अकरावी लागली तर मी संध्याकाळपर्यंत थांबते.

मधे एकदा बरं वाटलं,
म्हणून गोळ्या कपाटामागे टाकल्या.
बरं वाटणं हे गोळीचंच काम होतं,
हे कळायला दोन महिने आणि भावाची नवी सायकल गेली.
तेव्हापासूनचा करार:
रात्री नऊला कौतिकाबाई येते,
मशीनच्या बोर्डातला फ्यूज काढते,
कनवटीला खोचते.
"मी नेतो. ब्लाऊज काही पळून जात नाही बाप्पा."
पहिल्या महिन्यात मी तिला शिव्या घातल्या.
ती म्हणाली, घाल, पण झोप.

परवा रात्री दोनला कडी वाजली.
ती. हातात फ्यूज.
"लाव तो. मले अंधार सहन होत नाही."
पोराचा पुण्याहून फोन नाही, ते एक.
पण ते एकच नव्हतं.
किती दिवस झोप नाही, विचारलं.
तिनं बोटं मोजली, मग मोजणं सोडलं.
"तुही एक गोळी दे न मले."

मी डबी पदराखाली घेतली.
ही माझ्या मापाची आहे, म्हटलं,
तुला काखेत काचेल.
शुक्रवारी माझी तारीख आहे, चल सोबत.
तिनं हो म्हटलं नाही.
उंबऱ्यावर बसलो, कळशीतलं पाणी प्यालो आळीपाळीनं,
दूर कुणाच्या तरी हरभऱ्यात
रानडुकरांसाठी डबा वाजत होता.
या खाऱ्या जमिनीत हरभरा मात्र येतो,
नुसत्या ओलीवर. कसा, कोण जाणे.

शुक्रवारी आठच्या गाडीत दोन तिकिटं.
फ्यूज तिच्याच कनवटीला राहिला.
दुकानाच्या फळीवर अक्षराकडून खडूनं लिहून घेतलं:
आज बंद. मापं उद्या.